सतरा नंबरचा कागद : कार्टून युनिटमधल्या एका काकांच्या घरच्यांसाठी खुलं पत्र

प्रति,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, फिल्म्स डिव्हिजन संकुल, पेडर रोड, मुंबई
आणि
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते. एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले. माझ्याकडे एका माणसाची ठेव आहे. ती त्यांच्या घरच्यांच्या हातात द्यायची आहे आणि ती माणसं मला सापडत नाहीत. त्यांचा माग लागेल असं ठिकाण आता एकच उरलंय, ते म्हणजे तुमचं दप्तर. पत्र उघडं लिहिते आहे, कारण ज्यांना शोधते आहे त्यांच्यापैकीच कुणाच्या नजरेला ते पडलं, तर तुमचेही श्रम वाचतील.

हे गृहस्थ गिरगावात आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत राहायचे. आम्ही सगळी पोरं त्यांना कार्टूनकाका म्हणायचो. त्यांचं पूर्ण नाव तुम्हाला वेगळ्या पत्रानं कळवते आहे. घरच्यांना न विचारता ते चारचौघांत लिहिणं मला बरं वाटत नाही.

काका कोल्हापूरकडचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा गावात असतानाच दिल्या, मग मुंबईला येऊन काही वर्षं सिनेमाचे बोर्ड रंगवले. १९५८ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये लागले. युनिट उभं राहून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. डिस्नेच्या स्टुडिओत 'बॅम्बी'सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली इथल्या मुलांना शिकवायला आले, जातककथेवरचा 'द बॅनियन डिअर' त्याच शिकवणीतून तयार झाला. राम मोहन त्या पहिल्या तुकडीतले. १९६१ साली भीमसैन पार्श्वचित्रं रंगवायला तिथे आले. ही नावं पुढे मोठी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातलंच कुणीतरी असल्यासारखा आनंद झाला. काकांच्या बोलण्यात ते नाव इतक्यांदा आलेलं होतं.

काका स्वतः मात्र मधली चित्रं काढायचे. हे काम काय असतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. एखादी खार फांदीवरून उडी मारणार असेल, तर ती दबा धरते ते चित्र, हवेत ताणली जाते ते चित्र आणि पलीकडे टेकते ते चित्र अशी मोजकी चित्रं मुख्य ॲनिमेटर काढतो. त्यांच्या मधल्या जागा भरायच्या असतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन-दोन चौकटींत घेतलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. सात मिनिटांच्या लघुपटाला पाच हजारांवर, आणि तेही पात्र एकच असेल तर. मग दुसरा माणूस प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे ॲसिटेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर, शाईनं गिरवणार, तिसरा सेल उलटं करून मागच्या बाजूनं रंग भरणार, चौथा ते पार्श्वचित्रावर ठेवून कॅमेऱ्याखाली एकेक चौकट टिपणार. श्रेयनामावलीत या सगळ्यांची नावं मावत नाहीत. जुन्या लघुपटांत तर चार-पाच नावांवर पाटी संपते.

घरी काकांनी स्वतःचं लाइट टेबल बनवलं होतं. चहाच्या खोक्यात साठचा बल्ब, वर दुधी काच, काचेच्या खालच्या कडेला तीन खुंट्या. कागदांना खाली भोकं असायची, ती खुंट्यांत बसली की कागद केसभरही हलत नसे. कार्यालयातून आल्यावर चहा झाला की हाताला वळण राहावं म्हणून ते तासभर त्यावर बसायचे. बल्बच्या धगीनं घाम गळून कागदावर पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधायचे. डाव्या हाताच्या बोटांत चार कागद धरून ते पुढेमागे फडफडवायचे आणि दर दोन-तीन रेघांनंतर थांबून पुन्हा फडफडवायचे. त्या फडफडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आम्हा मुलांना ते गॅलरीत पळायला लावायचे. ‘‘पळ गं, पण रोजच्यासारखी पळ. मी बघतोय म्हणून नको.’’ आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचो आणि ते कठड्यावर पेन्सिलीनं ठोके मोजत बसायचे. एकदा मला म्हणाले, ‘‘तुझा डावा पाय उशिरा सुटतो.’’ घरात तोवर कुणालाच ते दिसलं नव्हतं. पुढे चाळिशीत हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून तेच सांगितलं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वर्षा-दोन वर्षांत चाळीत पहिल्या मजल्यावर एक टीव्ही आला. तोवर फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे, लोक तेव्हा जागा शोधत असायचे नाहीतर शेंगदाणे घेत असायचे. टीव्हीवर तसं नव्हतं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये अल्पबचतीवरचा एक छोटा कार्टूनपट लागायचा. त्यात एक खार बी तोंडात धरून फांदीवरून पळत येते, थबकते, मागे बघते आणि ढोलीत शिरते. पळण्याचा तो तुकडा तीन सेकंदांचा. तो लागला की कुणीतरी जिन्यातून ओरडायचं, ‘‘काका, तुमची खार!’’ आणि काका बनियनवर धावत खाली यायचे. खार ढोलीत शिरली की परत वर जायचे. पुढचा संदेश त्यांनी कधी ऐकला असेल असं वाटत नाही. पण त्या तीन सेकंदांत ते खारीबरोबर मान हलवायचे, हे मी शेजारी बसून पाहिलंय.

आमच्या वयाच्या माणसांना ‘‘एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ’’ एवढं म्हटलं तरी पुरतं. १९७४ सालचा तो कार्टूनपट, 'एक अनेक और एकता'. विजया मुळे यांनी तो केला, संगीत वसंत देसाईंचं, आणि साधना सरगम यांचा बालपणीचा आवाज. दूरदर्शननं तो इतक्यांदा दाखवला की हिंदी धड न येणाऱ्या घरांतही मुलं तो पाठ म्हणायची. मी वर्गात दरवर्षी मुलांना तो दाखवत आले आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारत आले : जाळं घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांच्या पंखांना किती हात लागले असतील? मुलं आधी एक म्हणतात. मग पाच म्हणतात. मग गप्प होतात.

त्या हातांबद्दलच माझी विनंती आहे. विजया मुळे २०१९ च्या मे महिन्यात गेल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरात राम मोहन गेले, भीमसैन त्याच्या आदल्या वर्षी. ज्यांना विचारलं असतं तर काकांचं नाव चटकन आठवलं असतं अशी माणसं आता राहिली नाहीत. त्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांच्यावर लिहिलं गेलं. शाईनं गिरवणाऱ्यांना आणि मागून रंग भरणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, आणि तेही स्वतःहून काही सांगत बसणारे लोक नव्हते.

काकांचे डोळे लवकर थकले. १९८१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते गावी गेले. खोली रिकामी करताना त्यांनी एक पुडकं माझ्या हातात दिलं. त्या खारीच्या पळण्याची चित्रं होती. कार्यालयातली नव्हेत, घरी बसून त्यांनी स्वतःसाठी पुन्हा काढलेली. १ ते ३६ असे क्रमांक, प्रत्येक कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, गोलात. मी तेव्हा चित्रकलेच्या शिक्षणाला लागले होते. ते म्हणाले, ‘‘तुझ्याकडे राहू दे. गावी वाळवी आहे.’’ त्यांची धाकटी मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी लहान, माझी मैत्रीण. तिनं हट्टानं त्यातला एक कागद काढून घेतला आणि भूगोलाच्या वहीत ठेवला. तो १७ नंबरचा कागद. म्हणून माझ्याकडे ३५ आहेत.

१९८८ साली चाळीच्या पत्त्यावर काका गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं. त्यानंतर माझं लग्न, बदल्या, संसार. पुडकं आईच्या ट्रंकेत राहिलं आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनातून उतरलं. दोन वर्षांपूर्वी चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा ट्रंक उपसताना ते वर आलं. नऊवारीच्या घड्यांखाली होतं. उघडलं तर व्हिनेगरचा वास. कागदांच्या तळाशी दोन टाकाऊ सेल होती, काकांनी नमुना म्हणून जपलेली. ती कडेनं वाकून पापडासारखी झाली आहेत आणि मागच्या रंगाला भेगा गेल्या आहेत. ॲसिटेट सडायला लागलं की असाच वास येतो आणि एकदा सुरू झालेलं सडणं थांबत नाही, फार तर थंड आणि कोरड्या जागी संथ होतं. हे तुमच्या पुण्याच्या मंडळींना मी सांगायला नको.

मी गावी जाऊन आले. कार्डावर गावाचं नाव होतं, त्यामुळे पोचायला अडचण आली नाही. घर विकलेलं. घेणाऱ्यांनी चहा दिला, माळ्यावरून काकांचं लाइट टेबलही काढून दाखवलं. त्यात आता बियाणं ठेवतात. काच शाबूत होती. थोरला मुलगा नोकरीनिमित्त पुण्याकडे गेला, काकू काही वर्षांनी त्याच्याकडेच गेल्या, धाकटी लग्न होऊन परगावी, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक. सासरचं आडनाव कुणाला आठवेना. चाळीतली जुनी बिऱ्हाडं विरारपासून बदलापूरपर्यंत पांगली आहेत. जेवढी गाठता आली तेवढ्यांना विचारून झालं.

आता तुमच्याकडे काय मागते आहे ते सांगते.

काका केंद्र सरकारचे कर्मचारी होते. २३ वर्षं नोकरी झाली होती. म्हणजे त्यांचं सेवापुस्तक होतं, निवृत्तिवेतनाचे कागद होते, नामनिर्देशन होतं, आणि त्यांच्या मागे काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन लागू झालं असणार. या कागदांत घरच्यांची नावं आणि पत्ते येतातच. फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासूनची संस्था, मार्च २०२२ मध्ये ती आणि पुण्याचं संग्रहालय दोन्ही महामंडळात सामील झाली. अशा बदलांत कपाटं हलतात, खोल्या बदलतात, जुन्या फायली ‘कामाच्या’ आणि ‘बिनकामाच्या’ अशा वेगळ्या होतात. प्रशासनातल्या मंडळींना हात जोडून सांगते, कार्टून युनिटचे हजेरीपट आणि सेवापुस्तकं बिनकामाच्या ढिगात जाऊ देऊ नका. फिल्म जपायची म्हणजे रिळं जपायची असं आपण धरून चालतो. पण रिळावर नसलेली नावं फक्त त्या हजेरीपटात आहेत.

मला कुणाचा पत्ता नको. कुणाची खासगी माहिती बाहेर द्यावी असं मी म्हणणार नाही. मी एक बंद पाकीट तुमच्याकडे देते, ते तुम्ही त्यांच्या नोंदीतल्या पत्त्यावर पाठवा. त्यांना वाटलं तर ते मला लिहितील. पाकीट परत आलं, तर परत आल्याचा शिक्का तरी माझ्या हातात येईल.

आणि हे माझ्या एकट्या काकांपुरतं ठेवू नका अशी कळकळीची विनंती आहे. त्या युनिटमध्ये काम केलेल्या प्रत्येकाच्या नावाची यादी करा. मधली चित्रं काढणारे, शाईवाले, रंगवाले, पार्श्वचित्रकार, कॅमेऱ्यावरचे, सगळे. मग वर्तमानपत्रांत आणि आकाशवाणीवर त्यांच्या घरच्यांना आवाहन करा : घरात चित्रं, सेल, रंगांच्या नोंदी, फोटो असतील तर घेऊन या, आम्ही स्कॅन करतो, मूळ वस्तू तुमची तुमच्याकडेच राहील. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. माणसं देणगी द्यायला कचरतात, दाखवायला कचरत नाहीत. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी ५९७ कोटींची तरतूद झाली हे वाचून मला समाधान वाटलं होतं. त्या मानानं एक यादी, एक जाहिरात आणि दोन स्कॅनर हा खर्च काहीच नाही.

घरच्यांना शोधल्यानं काय साधतं, याचं उदाहरण पुण्याच्या संग्रहालयानंच घालून दिलंय. ते संग्रहालय उभारणाऱ्या पी. के. नायर यांनी दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबीयांशी संबंध जोडले, म्हणून १९१९ च्या 'कालिया मर्दन'चे तुकडे हाती आले आणि आज आपण फाळक्यांच्या छोट्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण झालेली बघू शकतो. याच फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगपेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. ती मौज आज कुठेच नाही. प्रभातनं १९३४ साली 'जंबूकाका' हा कार्टूनपट केला. म्हणजे हे वेड महाराष्ट्राच्या मातीत फार आधीपासून आहे, आणि आपण ते वेळीच उचलून ठेवलं नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातचा अमूल्य ठेवा जळाला, त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नव्हते. आग निदान दिसते तरी. ट्रंकेतलं सेल कुणाला न दिसता जातं. एखादी सून आवराआवर करताना ‘हे कसलं वासाचं प्लॅस्टिक’ म्हणून ते कचऱ्याच्या गाडीत टाकते. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

पेडर रोडच्या तुमच्याच आवारात, गुलशन महालात, २०१९ पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय उभं आहे. मी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी आवारातल्या झाडांखाली बराच वेळ बसले. काका याच फाटकातून २३ वर्षं आत-बाहेर करत होते. केम्प्स कॉर्नरपर्यंत बसनं यायचे आणि चढ चालत चढायचे, कारण चालणारी माणसं बघायला मिळतात म्हणायचे. त्या संग्रहालयात एखाद्या भिंतीवर या सगळ्यांची नावं लिहिली जावीत. चित्रांखाली छोट्या अक्षरांत चालतील. पण पूर्ण नावं, आडनावासकट.

माझ्याकडचं पुडकं मी स्कॅन करून घेतलंय. ३५ कागद संगणकावर एकापाठोपाठ लावून पाहिले. खार पळते. शेपटी आधी वळते आणि मग अंग वळतं, काका सांगायचे तसंच. फक्त सतराव्या जागी ती किंचित अडखळते. मी १६ आणि १८ नंबरचे कागद लाइट बॉक्सवर एकावर एक ठेवून मधलं चित्र काढायचा प्रयत्न केला. ३१ वर्षं मुलांना रेघ शिकवली आहे, हात वाईट नाही. सात वेळा काढलं. खार दर वेळी तिथेच अडखळली.

आता थोडं माझ्या मैत्रिणीला. तुझ्यापर्यंत हे कुणी पोचवलं तर ओळख पटायला एवढं पुरेल : दुसरा मजला, शेवटची खोली, दारात तगरीचं झाड डालडाच्या डब्यात, आणि तुझ्या भूगोलाच्या वहीला ब्राऊन कागदाचं कव्हर. तुझ्याकडे तो कागद असेल तर उत्तम. नसला, वही कधीच रद्दीत गेली असली, तरीही ये. काकांच्या हातची चित्रं तुझी आणि तुझ्या दादाची आहेत, मी फक्त सांभाळली. ती तुमच्या घरी ठेवायची की पुण्याला द्यायची हे तुम्ही ठरवा. सेलांची अवस्था बघता ती आधी पुण्याला जावीत असं मला वाटतं, पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी देणार नाही.

महोदय, काकांचं पूर्ण नाव, पद, नोकरीची वर्षं आणि माझा पत्ता असलेलं पत्र, सोबत बंद पाकीट, तुमच्या दोन्ही कार्यालयांच्या नावे रजिस्टर टपालानं पाठवते आहे. सेवापुस्तक सापडलं तर मला एका ओळीनं कळवा. काही कागद शोधायला माणूस कमी पडत असेल तर मी स्वतः येऊन बसायला तयार आहे. आठवड्यातले पाचही दिवस मोकळी आहे आणि धुळीचा मला त्रास होत नाही.

पुडकं सुती कापडात बांधून कोरड्या कपाटात ठेवलंय, सेल त्यातून काढून वेगळी ठेवली आहेत. १६ आणि १८ च्या मध्ये एक कोरा कागद घातलाय, त्याला खाली भोकंही पाडून ठेवली आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
ठाणे